समुद्राखालचे व्हिडिओ करायचेत? मग कॅमेरा सगळ्यात शेवटी घ्या



या आठवड्याचा व्हिडिओ ज्यांनी बघितला त्यांना विषय कुठून आला ते माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या उमापूरचाच एक मुलगा, वय तेवीस, लग्नांचे व्हिडिओ करतो. गेवराई, शेवगाव, पैठणपर्यंत ऑर्डरी घेतो, हात चांगला आहे. दिवाळीनंतर मित्रांबरोबर मालवणला गेला, तिथं स्कूबा डायव्हिंग केलं आणि आल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. मला म्हणाला, "सर, पतसंस्थेतून दीड लाख उचलतो. पाण्याखालचा कॅमेरा, हाउसिंग, दोन लाइट. सीझनभर मालवणला राहतो, माशांचे व्हिडिओ करतो. लग्नाच्या शूटिंगपेक्षा बरं ना?"

फॉर्म भरून खिशात होता. फक्त जामीनदाराची सही बाकी होती. जामीनदार म्हणून त्याला मीच हवा होतो हे मला जरा उशिरा कळलं.

मी सही केली नाही, पण त्याला हाकलूनही दिलं नाही. कारण कल्पना वेडी नाहीये. मी स्वतः ओपन वॉटर कोर्स केलाय, मोजून तेवीस डाइव्ह झाल्यात, आणि या कामात पैसे कसे बुडतात ते अक्षरशः बुडवून बघितलंय. ते पुढे येईलच. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून त्याला जे सांगितलं, तेच इथं सविस्तर लिहितो. व्हिडिओत वेळेअभावी बरंच सुटलं होतं.

मालवणात नेमकं काय विकलं जातं

कुठल्याही धंद्यात पहिला प्रश्न हाच: गिऱ्हाईक पैसे कशाचे देतंय?

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे पर्यटक पाण्यात उतरतात, त्यातल्या बहुतेकांना पोहता येत नाही. प्रशिक्षित गाइड त्यांना मागून सिलिंडरला धरून काही मीटर खाली नेतो, दगडांवरचे प्रवाळ दाखवतो, आजूबाजूला पट्टेरी मासे फिरत असतात. तेवढ्यात कोणीतरी छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यानं दोन-तीन मिनिटांचं शूटिंग करतो. वर आल्यावर ते पर्यटकाच्या मोबाईलमध्ये जातं. बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे डाइव्हच्या पॅकेजमध्येच धरलेले असतात.

आता नीट बघा. त्या व्हिडिओत पर्यटकाला काय हवंय? स्वतःचा चेहरा. मासा हा मागचा पडदा आहे, लग्नात नवरदेवाच्या मागे स्टेजचं डेकोरेशन असतं तसा. आणि शूटिंग करणारा कोण? तिथलाच डायव्हर. बोटवाल्याला नुसता कॅमेरा धरणारा माणूस नकोय. पाण्यात दुसऱ्या माणसाला सांभाळू शकेल असा माणूस हवाय, ज्याला कॅमेराही धरता येतो. तुम्ही दीड लाखाचा कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर उभे राहिलात आणि तुम्हाला डायव्हिंग येत नसेल, तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही आणखी एक पर्यटक आहात. फक्त पैसे न देणारा.

दुसरा प्रश्न सीझनचा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, जलक्रीडा मे अखेरीपासून बंद होतात. डायव्हिंगचे खरे महिने ऑक्टोबर ते मे. आणि आपल्याकडे लग्नं कधी असतात? तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, जूनपर्यंत चालतात. म्हणजे दोन्ही धंद्यांचा सीझन एकच, आणि दोन्ही बंदही एकाच वेळी. शेतकऱ्यानं एका पिकाला जोड म्हणून दुसरं पीक घ्यावं आणि दोन्हींना पाणी त्याच आठवड्यात लागावं, तसं झालं हे. समजा पतसंस्थेचा दर १४ टक्के आणि मुदत २ वर्षं धरली, तर दीड लाखाचा हप्ता महिन्याला साधारण ७,२०० रुपये येतो. जून ते सप्टेंबर चार महिन्यांचे २८,८०० रुपये कुठून भरायचे? मुलगा गप्प बसला. हा हिशेब त्यानं केलाच नव्हता.

पण तो एक वाक्य बोलला ते मला आवडलं. "सर, मला पर्यटकांचे नाही, माशांचे करायचेत." ठीक. ते काम वेगळं आहे, जास्त सावकाश आहे आणि त्यात खरं शिकण्यासारखं आहे. आता त्याच्याकडे वळू.

पाणी कॅमेऱ्याचं काय करतं

आपल्या भागात बोअरमध्ये कॅमेरा सोडून मोटर कुठं अडकली, झरा कुठल्या फुटावर आहे ते बघणारे लोक आहेत. त्यांच्या स्क्रीनवर तुम्ही बघितलं असेल: पाणी गढूळ असलं की पांढरे ठिपके नाचताना दिसतात, बाकी काही कळत नाही. समुद्रातही हेच होतं. पाण्यातल्या कणांवर आपलाच लाइट पडून परत येतो. धुक्यात गाडीचा अप्पर मारल्यावर रस्ता दिसायचा बंद होतो ना, अगदी तसं. म्हणून लाइट कॅमेऱ्याला चिकटून लावत नाहीत. दोन बाजूंना हात लांब करून लावतात, म्हणजे उजेड माशावर पडतो, पण लेन्ससमोरच्या पाण्यावर पडत नाही.

रंगांची गोष्ट याहून महत्त्वाची. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं. पाचेक मीटर खाली गेलात की लाल जवळजवळ संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. उरतात हिरवा आणि निळा. शिवाय अंतर दोन्हीकडून मोजायचं असतं. तुम्ही ६ मीटर खोल आहात आणि मासा ३ मीटर लांब आहे, तर उजेडाला पाण्यातून ९ मीटर यावं लागतं. खोली कमी असूनही तुमचा व्हिडिओ निळा-हिरवा का येतो त्याचं कारण हे. डोळ्याला तिथं बरे रंग दिसतात, कारण मेंदू सावरून घेतो. कॅमेरा घेत नाही.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे: जवळ जा. हात लांब केला तर माशापर्यंत पोहोचेल इतकं जवळ, आणि लेन्स रुंद कोनाची. झूम विसरा. लग्नात लांबून झूम करून नवरीचे डोळे टिपायची सवय असते, ती इथं पहिल्या दिवशी सोडावी लागते. माणूस आणि मासा यांच्यामधलं पाणी जितकं कमी, तितका व्हिडिओ चांगला.

दुसरा उपाय फिल्टर. निळ्या पाण्यात, म्हणजे लक्षद्वीप किंवा अंदमानला, लाल फिल्टर चालतो. आपल्या कोकण किनाऱ्याचं पाणी बहुतेक वेळा हिरवट असतं, त्याला जांभळट-गुलाबी झाक असलेला मॅजेंटा फिल्टर बरा पडतो. अगदी वरच्या दोन-तीन मीटरमध्ये दोन्ही लावू नका, सगळे मासे कुंकू लावल्यासारखे दिसतील. तिसरा उपाय व्हाइट बॅलन्स. पांढरी प्लास्टिकची पाटी बरोबर न्या, त्याच खोलीवर ती कॅमेऱ्यासमोर धरा आणि कॅमेऱ्याला सांगा की हे पांढरं आहे. खोली बदलली की पुन्हा. लाइटचा नंबर यानंतर लागतो. मालवणात भर दुपारी पाच-सहा मीटरवर छोट्या लाइटचा उपयोग फक्त हातभर अंतरात. कपारीतली शेवंड, दगडाखालची कुर्ली, एवढंच. म्हणजे त्याच्या यादीतले दोन लाइट सध्या बाद.

तुमचं शरीर हाच ट्रायपॉड

आता मुख्य गोष्ट. मी याच्यावर लांबण लावणार आहे, कंटाळू नका.

पाण्यात उभं राहायला जमीन नसते. तळाला पाय टेकले की रेती उडते आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात. दगडाला हात लावला तर प्रवाळ तुटतो, आणि प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. मग स्थिर कसं राहायचं? अधांतरी तरंगून. खाली जायचं नाही, वर यायचं नाही. कमरेला वजन, जॅकेटमध्ये थोडी हवा, आणि बारीक जुळवणी फुफ्फुसानं. श्वास घेतला की शरीर किंचित वर येतं, सोडला की किंचित खाली. हे जमलं की कॅमेरा आपोआप स्थिर होतो. नाही जमलं तर दहा लाखांचा कॅमेराही झोक्यावर बसून काढल्यासारखं शूटिंग देईल.

इथंच सगळ्यात मोठा धोका आहे. शॉट हलू नये म्हणून माणूस नकळत श्वास रोखतो. जमिनीवर फोटो काढताना आपण सगळेच रोखतो. स्कूबामध्ये हे कधीही करायचं नाही. १० मीटर खोलीवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो. तिथं भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर फुफ्फुसातली ती हवा दुपटीनं फुगायला बघते. फुफ्फुस फाटू शकतं, जीव जाऊ शकतो. अगदी थोड्या खोलीवरही. म्हणून कोर्समध्ये पहिला नियम हाच शिकवतात: श्वास चालू ठेवा. शॉट हलला तर हलू द्या.

गंमत बघा, समुद्राखालचं सुरुवातीचं काही चित्रीकरण मात्र श्वास रोखूनच झालं. जॅक कुस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्यानं १९४२ मध्ये 'अठरा मीटर खोल' अशा अर्थाच्या नावाची पहिली फिल्म केली, ती नुसती बुडी मारून, सिलिंडरशिवाय. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, एमिल गान्यां या इंजिनिअरबरोबर त्यानं पाठीवरच्या सिलिंडरचं श्वसनयंत्र तयार केलं, आणि आज आपण वापरतो ते सगळं त्यातूनच पुढे आलं. कोर्समधल्या मर्यादेचा आकडा आजही योगायोगानं तोच आहे. ओपन वॉटर डायव्हरला १८ मीटरपर्यंत परवानगी, ॲडव्हान्स्ड केलं की ३०. पर्यटकाला कोर्सशिवाय उतरवतात ते जास्तीत जास्त १२ मीटर.

कोर्स कुठं करायचा? आपल्या राज्यात तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे, तिथं आधी तलावात आणि मग समुद्रात शिकवतात. पोहण्याची चाचणी असते: २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं. उमापूरच्या पोराला याची भीती नसावी. आपण सगळे पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकलोय. पण विहिरीत शिकलेला माणूस हातपाय फार मारतो. दहा मिनिटं काहीही न करता तरंगायला सांगा, निम्मे लोक दमतात. तो सराव आत्तापासून करा, काठावर पोहता येणारा कोणीतरी उभा ठेवून. आणि स्पष्ट लिहितो: गावच्या विहिरीत सिलिंडर लावून उतरायचे प्रयोग करू नका, कोणी यूट्यूबवर दाखवत असला तरी.

कोर्स झाला म्हणजे लगेच कॅमेरा घ्यायचा का? नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वीसेक डाइव्ह रिकाम्या हातानं करा. कॅमेरा हातात आला की माणूस बाकी सगळं विसरतो: सिलिंडरमध्ये हवा किती, खोली किती, जोडीदार कुठं. सिलिंडर साधारण २०० बारला सुरू होतं, ५० शिल्लक असताना वर असायला हवं. मी एकदा एका पाकटामागे लागलो होतो. रेतीत अंग पुरून फक्त डोळे वर ठेवून बसतं ते, पोटावर गेल्याशिवाय दिसत नाही. शॉट छान मिळाला. काट्याकडे बघितलं तर ६०. जोडीदारानं खांद्यावर हात मारला नसता तर मी आणखी पाच मिनिटं तिथंच असतो. तेव्हापासून माझी सवय अशी: रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी काटा, खोली, जोडीदार. बंद केल्यावर पुन्हा काटा, खोली, जोडीदार.

आणखी एक गोष्ट खास आपल्या मराठवाड्यातल्या लोकांसाठी, कारण कोकणातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. डायव्हिंगनंतर शरीरात थोडा जादा नायट्रोजन विरघळलेला असतो, तो बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात उंचावर जाणं धोक्याचं. विमानाचा नियम सगळ्यांना सांगतात: एक डाइव्ह असेल तर १२ तास, जास्त असतील तर १८ तास थांबा. पण आपण विमानानं कुठं जातोय? आपण दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी फोंडा किंवा आंबोली घाट चढतो. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर आहे, आणि तिथून पुढे घरापर्यंत सगळं पठारच. त्या रात्री मुक्काम खालीच करा. एका रात्रीचं लॉजचं भाडं हिशेबात धरूनच निघा.

माशाशी कसं वागायचं

मागे लागलात तर शेपटी मिळते. माझ्या पहिल्या चाळीस मिनिटांच्या फुटेजमध्ये फक्त शेपट्या होत्या, त्याही हिरव्या. ज्या माशाचं घर आहे तो मासा निवडा. दगडावरची आपली जागा राखणारे छोटे मासे असतात, तुम्ही आलात की पळतात आणि मिनिटभरात परत येतात. तिथं शांत थांबा, श्वास लांब आणि सावकाश, कॅमेरा माशाच्या डोळ्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून वर. वरून खाली काढलेला मासा दगडात मिसळून जातो. शॉट किमान दहा सेकंद धरा. सेकंदाला ६० फ्रेम ठेवल्या तर एडिटिंगला संथ करता येतो आणि थोडा धक्काही लपतो.

एका प्राण्याचे तीन-चार प्रकारे शॉट घ्या: कुठं राहतो, कसा दिसतो, काय करतो. पोपटमासा चोचीनं दगड खरवडतो त्याचा आवाजही पाण्यात ऐकू येतो, म्हणून ऑडिओ बंद करू नका.

मासे गोळा व्हावेत म्हणून पाव-बिस्किट सोडणं मला पटत नाही. गर्दी जमते, पण ते त्यांचं वागणं नसतं, आणि तुम्हाला विकायचं आहे ते त्यांचं वागणं. शिवाय मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा उचलणंही गुन्हा. पैशासाठी शूटिंग करायचं असेल तर वन विभागाकडे आधी विचारा, कागद घ्या.

एका केसाची किंमत

ॲक्शन कॅमेऱ्यावर बहुधा १० मीटर लिहिलेलं असतं, हाउसिंग लावलं की ६०. हाउसिंगला रबराची एक कडी असते, ओ-रिंग. पाणी आणि तुमचे पैसे यांच्यामध्ये तेवढीच उभी असते. मी घाईत बोटीवर हाउसिंग उघडून बॅटरी बदलली. वाऱ्यानं माझाच एक केस त्या कडीवर बसला. आठ मीटरवर लेन्सच्या आत पाण्याची रेघ दिसली, वर येईपर्यंत अर्धं भरलं होतं. कोणाची चूक? माझी. तेव्हापासून हाउसिंग आदल्या रात्री खोलीत पंखा बंद करून बंद करतो, आत सिलिका जेलची पुडी टाकतो आणि पहिल्या डाइव्हला आधी रिकामं हाउसिंग खाली नेऊन आणतो. पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास. मीठ सुकू द्यायचं नाही.

मग पैसे कुठून

मुलाला सांगितलं ते असं. तुझ्याकडे आज विकण्यासारखं एक कौशल्य आहे, एडिटिंग. पाण्याखालच्या फुटेजला रंग परत आणणं हे जमिनीवर बसून करायचं काम आहे. ज्या गाइडबरोबर तू डाइव्ह केलीस त्याच्याकडून जुन्या क्लिप माग, पाच फुकट करून दे. आवडलं तर पुढे दर ठरव. फाइल मोठ्या असतात, ६० एमबीपीएसनं काढलेली असेल तर मिनिटाला ४५० एमबी, आणि उमापूरचं नेटवर्क तुला माहीत आहे. त्यामुळे रात्रीचं डाउनलोड किंवा कुरिअरनं पेनड्राइव्ह. यातून दोन गोष्टी मिळतील. कोर्सचे पैसे कर्जाशिवाय जमतील. आणि दुसऱ्याचे हलणारे, हिरवे, शेपट्यांचे व्हिडिओ शंभर वेळा बघून पाण्यात काय चुकतं ते पाय ओला न करता कळेल.

पुढे काय विकता येईल? मराठीत समुद्री जिवांवर पाण्याखालून शूट केलेलं काम थोडं आहे. माकुल शिकार कशी करतं, हेकरू दिवसभर कुठं बसतो, हे मालवणच्या रापणवाल्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे, त्याच्याकडे त्या प्रत्येकाचं नावही आहे. त्याचं बोलणं आणि तुमचं चित्र एकत्र आलं तर शाळांना, संस्थांना, चॅनेलला दाखवण्यासारखं काही होईल. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं, माथा साधारण वीस मीटर खोल, प्रवाळांनी भरलेलं. तिथं जाणाऱ्या मोहिमेत कॅमेरा धरायला मिळणं हे स्वप्न म्हणून ठीक आहे. पण खोली बघा: वीस. ओपन वॉटरच्या अठरात ते बसत नाही.

मुलानं फॉर्म खिशातच ठेवला, फाडला नाही. मध्ये दोन महिने दिसला नाही, मला वाटलं चिडला. परवा आला तेव्हा लॅपटॉपवर मालवणच्या नऊ क्लिप दाखवल्या, पैकी दोनचे पैसे मिळाले होते. एका क्लिपमध्ये लाल इतका वाढवला होता की मासा टोमॅटोसारखा दिसत होता, ते परत करायला लावलं. रोज सकाळी मळ्यातल्या विहिरीत तरंगायचा सराव चालू आहे, सध्या सहा मिनिटांपर्यंत आलाय. नोव्हेंबरच्या बॅचसाठी चौकशी केलीये. कॅमेरा माझाच नेणार म्हणतोय. मी हो म्हटलंय, पण वीस डाइव्हनंतर, आणि ओ-रिंग माझ्यासमोर साफ करून दाखवल्यावर.